आतून उठलेले पक्षी

हेरातच्या तांबटबाजारात शापूरसारखी चांदी बसवणारा दुसरा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट शापूरइतक्या वेळा सांगणाराही दुसरा कोणी नव्हता. पितळेत छिन्नीनं खाच पाडायची, खाचेच्या कडा आतल्या अंगानं थोड्या पोखरायच्या, चांदीचा पातळ तुकडा तिच्यात बसवायचा आणि कडा हलकेच ठोकून त्याच्यावर दाबायच्या, एवढंच ते काम. बाजारात वीस जण ते करत. पण शापूरच्या अक्षरांना तोंडं असत. उभ्या रेघांच्या माथ्यावर माणसांचे चेहरे, एकमेकांकडे बघणारे, एखादा गालात हसणारा. भांड्यावर नेहमीचाच आशीर्वाद असायचा, मान लाभो, आयुष्य लाभो वगैरे, पण त्याच्या हातून तो उतरला की मेजवानीला बसलेली पंगत वाटायची. लोक भांडं घेत आणि म्हणत, शापूरचं आहे. ते मुळात ठोकून घडवलं कुणी, हे कुणी विचारत नसे आणि शापूर आपण होऊन सांगत नसे.

घडवणारा बहुतेक वेळा बुंदार असे. त्याची भट्टी शापूरच्या दुकानासमोरच होती. बुंदार सत्तरीचा, माणसांचं बोलणं त्याला अर्धंच ऐकू यायचं, पितळेचं मात्र सगळं ऐकू यायचं. त्याची बायको सित्ती भाता मारायची आणि ताव सांभाळायची. पितळ ठोकत गेलं की ताठरतं, मग त्याला लाल करून पुन्हा मऊ करावं लागतं. किती लाल, ते सित्ती ठरवायची. चाळीस वर्षांत तिनं "आता" म्हटल्याशिवाय बुंदारनं भट्टीतून पत्रा बाहेर काढला नव्हता. त्याच्याकडे शिकलेले सगळे एकेक करून ओतकामाकडे वळले होते. साच्यात पितळ ओतलं की संध्याकाळी भांडं तयार, सहा-सहा महिने ठोकत कोण बसतो?

त्या उन्हाळ्यात ख्वाजा अमीरक नावाचा रेशमाचा व्यापारी दोघांकडे आला. पुढच्या वसंतात, नौरोजनंतर, त्याच्या लेकीचं लग्न होतं. तिच्या आंदणात द्यायला त्याला हात धुवायची झारी आणि तिच्याखाली धरायचं तस्त हवं होतं.

"कशी करायची ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "फक्त सांधलेलं, बुजवलेलं काही नको. आमच्या घरातल्या बायकांचं तुम्हाला माहीतच आहे."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. सांधलेलं भांडं नवरीबरोबर गेलं तर तिला संसारही सांधत बसावं लागतं, असं हेरातच्या बायका मानतात. विहीणबाई आंदणातलं एकेक भांडं उजेडाकडे धरून बघतात, नवरीकडे नंतर बघतात.

ख्वाजा गेल्यावर बुंदार म्हणाला, "तस्त ओतवून घे कुठूनही. झारी मी करतो. एका पत्र्याची. खांद्यावर आठ पक्षी, तेही त्याच पत्र्यातून उठवलेले."

शापूर हसला. "उस्ताद, पक्षी असे उठत नसतात. ते वेगळे करतात आणि डाख देऊन चिकटवतात. सगळा बाजार तेच करतो."

"सगळा बाजार करतो म्हणून तर ते बाजारू."

"आणि हात? काल ताकाचा वाडगा सांडलात. मी बघितलं."

"म्हणून तर आत्ताच करायची," बुंदार म्हणाला. "पुढच्या वर्षापासून नुसतं ताकच सांडायचं आहे मला."

त्यानंतर सात महिने समोरून ठोकल्याचा आवाज येत राहिला. पहाटेच्या नमाजानंतर सुरू व्हायचा तो दुपारी थांबायचा, कारण दुपारनंतर म्हाताऱ्याचा हात फारच थरथरायला लागे. मधेच सित्तीचा आवाज यायचा, "अजून नाही... अजून नाही... आता!" शापूरला त्याची इतकी सवय झाली की एखादा दिवस ठोकणं ऐकू आलं नाही तर तो दारात येऊन बघायचा. अर्थात, सहज आल्यासारखं तोंड करून.

नौरोजला दोन महिने राहिले असताना एका सकाळी म्हातारा-म्हातारी गोधडीत काहीतरी गुंडाळून गल्ली ओलांडून आली. गटारांच्या कडेला अजून बर्फ होतं. सित्तीनं गोधडी शापूरच्या बैठकीवर ठेवली आणि उलगडली.

झारीचं पोट बारा फुगीर पाकळ्यांचं होतं, त्यातून मान सरळ वर गेलेली, आणि मान जिथं पोटाला मिळते तिथं गोलाकार आठ पक्षी बसले होते. एकेक पक्षी अक्रोडाएवढा. छाती काढलेली, मान किंचित मागे, पंख अंगाशी घट्ट. आत्ता उडणार आहेत आणि बुंदारला विचारून थांबले आहेत, असे.

शापूरनं झारी उचलली आणि उजेडाकडे नेली. त्यानं जोड शोधायला सुरुवात केली. शेपटीखाली बघितलं, पायाशी बघितलं, नखाचं टोक फिरवून बघितलं. डाख कितीही घासला तरी नखाला कळतो. शापूरच्या नखाला तर कळणारच. पण नख कुठंच अडलं नाही. पक्षी संपला कुठं आणि झारी सुरू झाली कुठं, हेच त्याला सापडेना. मग त्यानं मानेतून आत डोकावून बघितलं. आत काळोख होता, आणि काळोखाच्या कडेला आठ खळगे, प्रत्येकाच्या तळाशी पितळेच्या चकाकीचा एक ठिपका. बाहेरचा प्रत्येक पक्षी म्हणजे आतली एक पोकळी होती. वीस वर्षं तो याच माणसाच्या भांड्यांवर छिन्नी चालवत होता आणि हा माणूस काय करू शकतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"काय रे शापूर," सित्ती म्हणाली, "आज जीभ घरी विसरून आलास?"

"उस्ताद," शापूर म्हणाला, "मान तीन बोटांची आहे. हात आत जात नाही, हातोडी जात नाही. मग आतून ठोकलंत कशानं?"

बुंदारनं मान हलवली आणि त्याला भट्टीकडे घेऊन गेला.

तिथं जाड ओंडक्याला एक लांब लोखंडी सळई आडवी ठोकून बसवलेली होती. तिचं दुसरं टोक अंगठ्यासारखं वर वळवलेलं होतं. बुंदारनं एक जुनी, कान तुटलेली सुरई घेतली आणि सळई तिच्या मानेतून आत जाईल अशी धरली. वळलेलं टोक सुरईच्या आत, पोटाला टेकलेलं. बाकीची सळई बाहेर. मग त्यानं हातोडीनं बाहेरच्या भागावर, ओंडक्याजवळ, एक टोला दिला. सळई थरारली. शापूरच्या डोळ्यांदेखत सुरईच्या पोटावर आतून मसुराएवढा एक फुगवटा वर आला.

"हिला आंधळी सळई म्हणतात," बुंदार म्हणाला. "मारायचं इथं. लागतं तिथं."

"टोला कुठं बसतोय ते तुम्हाला दिसतं?"

"भांड्याच्या आत कसं दिसेल?"

"मग?"

"ऐकायचं. सळई बरोबर जागी असली की पितळ भरलेलं वाजतं. केसभर सरकली की पोकळ वाजतं. पत्रा पातळ होत गेला की आवाज वर चढतो. फाटायच्या आधी एकदा ओरडतो, तेव्हा थांबायचं."

"आणि ऐकू आलं नाही तर?"

"तर दोनशे तावांचं काम एका टोल्यात संपतं."

"दोनशे तेरा," सित्ती मागून म्हणाली. "तेरा काय भाता आपोआप चालला?"

शापूर ओंडक्यावर बसून राहिला. त्याच्या धंद्यात डोळा आधी जातो आणि छिन्नी मागून येते. हा म्हातारा सात महिने रोज अंधारात टोले देत होता आणि अंधारातून पक्षी बाहेर येत होते. शापूरला ते समजत होतं, समोर दिसलंही होतं, तरी पटत नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा दुकानात जाऊन झारी हातात घेतली आणि एकेका पक्ष्यावरून अंगठा फिरवला.

झारी त्याच्या ताब्यात देताना बुंदारनं एकच गोष्ट सांगितली, तीही दोनदा. "पोटावर हवं ते कर, मानेवर तुझी ती तोंडवाली अक्षरं घाल. पक्ष्यांच्या पाठीवर पिसं काढ, शेपटीत चांदी घाल. छातीला मात्र हात लावायचा नाही. तिथं पितळ सगळ्यात जास्त ताणलंय, कांद्याच्या पापुद्र्याएवढं राहिलंय. तुझ्या खाचेला जागाच नाही. छाती कोरी राहू दे."

"ठेवीन," शापूर म्हणाला. आणि त्याच्या मनातही तसंच होतं.

चाळीस दिवस त्यानं काम केलं, आणि त्यानं आजवर केलेल्या कामात ते सगळ्यात चांगलं उतरलं, हे त्याच्या वैऱ्यांनीही मान्य केलं असतं. झारीनं त्याला लाज आणली होती आणि लाजेपोटी तो जपून हात चालवत होता. पाकळ्यांवर वेली आल्या, वेलींत ससे पळाले. मानेवरच्या अक्षरांची तोंडं खाली पक्ष्यांकडे बघत होती. शेवटी काळी राळ भरून, घासून, त्यानं झारी खिडकीत ठेवली आणि चार पावलं मागे सरून बघितली.

आणि तिथं त्याची खोड आडवी आली. सगळीकडे चांदी चमकत होती, आणि आठ छात्या कोऱ्या होत्या. बघणारा काय म्हणेल? शापूरची चांदी संपली, की शापूरचा हात दमला? सगळ्यांची नजर आधी त्या छात्यांवरच जाणार होती, आणि तिथं शापूर नव्हताच. तीन दिवस तो झारीभोवती घुटमळला. चौथ्या दिवशी बाजाराच्या ऐन गर्दीत, समोर बुंदार दुपारचा आडवा झालेला असताना, त्यानं सगळ्यात बारीक छिन्नी घेतली. एकच पीस, त्यानं ठरवलं. एकाच पक्ष्यावर, नुसतं बघायला. म्हातारी माणसं जरा जास्तच काळजी करतात.

पहिला टोला नीट बसला. दुसऱ्या टोल्याला पितळेनं किंचित किंकाळी मारली. शापूरनं ती ऐकली. आता ती कशाची हेही त्याला माहीत होतं, पण हात निघून गेलेला होता. तिसऱ्या टोल्याला छिन्नीचं टोक आत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. तिळाएवढं भोक.

आपण काय केलं हे कळायला त्याला क्षणही लागला नाही. दुसरी झारी होणार नव्हती. ते हात राहिले नव्हते, दुसऱ्या कुणाला ती सळई येत नव्हती, आणि जगात ही एकच होती.

यानंतर त्यानं जे केलं ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं. त्यानं भोकात काळी राळ दाबली, बोटानं पुसली, आणि खरंच, काहीही दिसेना. पाणी भरून बघितलं. शंभर मोजेपर्यंत थेंब आला नाही. राळ धरून राहणार होती. सासरी लग्नघरात पाहुण्यांच्या हातावर गरम गुलाबपाणी घालेपर्यंत धरून राहणार होती. मग ती मऊ होणार, विहीणबाईंच्या देखत पक्ष्याच्या छातीतून पाणी गळणार, आणि सगळं हेरात म्हणणार की बुंदार म्हाताऱ्याला शेवटी शेवटी पत्राही धड ठोकता येईना. शापूरचं नाव कुणीच घेणार नव्हतं. पहिल्यांदाच आपलं नाव कुणी घेणार नाही, हा विचार त्याला गिळवेना.

त्यानं झारी गोधडीत गुंडाळली आणि गल्ली ओलांडली.

बुंदार नुकताच उठून नान आणि द्राक्षांचा काकवीसारखा रस खात बसला होता. शापूरच्या तोंडाकडे बघून त्यानं घास खाली ठेवला. शापूर बोलायला लागणार तोच त्यानं हात वर केला, झारी मांडीवर घेतली आणि मधल्या बोटाच्या नखानं एकेका पक्ष्याला टिचकी मारत गेला. पहिला वाजला. दुसरा, तिसरा, चौथा वाजला. पाचवा वाजला नाही, नुसता खोकला.

"हा," बुंदार म्हणाला.

"उस्ताद, मी..."

"सांगितलं होतं का मी?"

"सांगितलं होतंत."

"किती वेळा?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. तुझं डोकं मला माहीत आहे." तो रागावला नाही. रागावला असता तर शापूरला सोसलं असतं. म्हातारा नुसता त्या पाचव्या पक्ष्यावर अंगठा ठेवून बसला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवतात तसा, आणि शापूर त्याच्यासमोर मातीत बसून रडला. चाळीस वर्षांचा बाप्या, अख्ख्या बाजारासमोर.

"पुरे आता," सित्ती म्हणाली. "रडून भोक बुजत असतं तर तांबटांचं पोट कशावर चाललं असतं? अहो उस्ताद, डाख?"

"डाखाला आच लागेल. आच लागली की याची सगळी चांदी आणि राळ जाईल." बुंदारनं भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाला, "खिळा घालायचा. चांदीचा. चांदी मऊ असते, भोक भरून घेते. डोकं आत राहायला हवं, टोक बाहेर."

"पण आतून खिळा घालणार कसा?" शापूरनं विचारलं. "बोट तिथं पोचत नाही."

"घोड्याचा केस आण. शेपटीचा, लांब."

शापूर धावत सुटला आणि कारवानसराईतल्या कुणाच्या तरी घोड्याच्या लाथेतून थोडक्यात वाचून चार केस घेऊन आला. तोवर सित्तीनं राळ काढून भोक साफ केलं होतं. बुंदारनं सांगितलं तसा शापूरनं केस बाहेरून भोकात घातला आणि हळूहळू आत सारत राहिला. मग झारी उलटी केली, टिचक्या मारल्या, पुन्हा सुलटी, पुन्हा उलटी. कितीतरी वेळानं मानेच्या काळोखात केसाचं टोक दिसलं आणि सित्तीनं चिमट्यानं ते बाहेर ओढलं. एक केस, एक टोक पक्ष्याच्या छातीतून बाहेर, दुसरं झारीच्या तोंडातून. तोंडाकडच्या टोकाला त्यांनी खिळा बांधला. खिळा म्हणजे काय, मोहरीएवढं डोकं आणि जेमतेम टाचणीएवढी दांडी. मग शापूर छातीकडून केस ओढू लागला. खिळा मानेत शिरला, आत दिसेनासा झाला, पोटात कुठंतरी किणकिणला. केस ताठ झाला, आणि पक्ष्याच्या छातीतून चांदीचं एक पांढरं टोक बाहेर आलं.

"या खुदा," शापूर पुटपुटला. त्याला वाटलं, अंड्याच्या आतून चोच बाहेर यावी तसं झालं.

"आता खालून आधार," बुंदार म्हणाला. "खिळ्याचं डोकं आंधळ्या सळईवर टेकायला हवं. त्याशिवाय वरून ठोकलंस तर परत आत जाईल. मी धरणार नाही, माझे हात तुला दिसतातच. तू धर झारी."

"मला येत नाही, उस्ताद!"

"मी ऐकतो. तू धर."

"आणि ठोकणार कोण?"

"दोनशे तेरा वेळा तुमचं पितळ मी लाल केलं," सित्ती म्हणाली, "चार टोले मला जमायचे नाहीत? आण ती हातोडी."

शापूरनं झारी दोन्ही हातांत धरली, सळई मानेतून आत जाऊ दिली आणि डोळे मिटले. उघडे ठेवून उपयोग नव्हता. आत कुठंतरी लोखंडाचं टोक होतं आणि कुठंतरी मोहरीएवढं डोकं. तो झारी केसाकेसानं हलवत होता आणि सित्ती खिळ्याच्या टोकाला नखानं टिचकी देत होती. "पोकळ," बुंदार म्हणायचा. "पोकळ. डावीकडे. फार झालं. पोकळ." शापूरचे खांदे भरून आले, कपाळावरचा घाम भुवईत उतरला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. सगळे आवाज सारखेच. आणि मग एकदम एक आवाज सारखा नव्हता. तो त्याच्या कानाआधी तळहातांना कळला. झारीच्या आतून काहीतरी भरीव, शांत उत्तर आलं.

"इथं," शापूर म्हणाला, आणि त्याच क्षणी बुंदार म्हणाला, "इथं."

सित्तीनं टोला दिला. मग दुसरा, तिसरा, चौथा. आज्जीबाईनं कपाळावर तीट लावावी इतके हलके. खिळ्याचं टोक पसरलं, गोल झालं, छातीला चिकटून बसलं. शापूरला डोळे उघडायचा धीर होईना. सात महिने, त्याच्या मनात आलं, हा माणूस सात महिने इथं होता, या काळोखात, एकटा, आणि हजारो वेळा त्याला ते 'इथं' सापडलं होतं.

बुंदारनं टिचकी मारली. पाचवा पक्षी वाजला. बाकीच्यांपेक्षा किंचित खालच्या सुरात, पण वाजला.

नौरोजच्या आधी चार दिवस ख्वाजा अमीरक झारी घ्यायला आला. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे सकाळीच झारी पाण्यानं भरून चाळलेल्या राखेवर ठेवली होती, शेजारी ओतवून आणलेलं तस्त होतं. ख्वाजानं दुपारी ती उचलली, खाली वाकून राख बघितली. राख कोरडी होती, एक डागही नव्हता. मग शापूरनं ती बाहेर नेऊन रिकामी करून आणली, ख्वाजा ती घेऊन खिडकीशी गेला आणि त्यानंही जोड शोधला. सापडला नाही तेव्हा त्याचा आवाज खाली आला, मशिदीत येतो तसा.

"हे माणसाच्या हातचं आहे?" तो म्हणाला.

ख्वाजानं झारी फिरवली आणि त्याचं बोट थांबलं. "आणि हा एकटाच छातीवर मोती मिरवतोय. तो का?"

शापूरकडे उत्तर तयार होतं, सित्तीनं आठ दिवस त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. आठांत एक राजा असतो, ख्वाजा. सुंदर उत्तर होतं. ख्वाजा खूश झाला असता.

पण त्याच्या आधी बुंदार बोलला. "ते माझं," तो म्हणाला. "पत्रा तिथं जास्त पातळ केला मी. म्हातारा हात. भोक पडलं, मग खिळा घातला. शापूरचा त्यात काही दोष नाही."

सित्ती नवऱ्याकडे बघतच राहिली. शापूरला वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी चपराक मारली. या माणसाकडे आयुष्यभराची एकच वस्तू होती, आणि तीसुद्धा तो आपल्यासाठी उणी करून दाखवत होता. का, तर शापूरची अजून वीस वर्षं जायची होती या बाजारात.

"खोटं आहे ते," शापूर म्हणाला. "मी पाडलं भोक. त्यांनी दोनदा बजावलं होतं की छातीला हात लावू नको. मला माझी चांदी मिरवायची होती."

ख्वाजानं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "दोघंही गप्प राहिला असतात तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग बोललास कशाला?"

"कारण पत्रा जेवढा पातळ हवा होता तेवढाच पातळ होता," शापूर म्हणाला. "केसभरही जास्त नाही."

ख्वाजानं झारी हळूच बैठकीवर ठेवली. तिथून हात काढून घ्यायला त्याला वेळ लागला. "मला आता कळलं आहे, म्हणून लेकीबरोबर पाठवता येत नाही," तो म्हणाला. "उद्या तिच्या घरात काही झालं तर मी स्वतःला काय सांगू? तस्त हेच चालेल. झारी दुसरी करा, साधी, डाखाची असली तरी चालेल. विसार मी परत मागत नाही." दारात तो पुन्हा वळला, एकदा पक्ष्यांकडे बघितलं, आणि गेला.

बुंदार गोधडी पसरू लागला.

"कुठं नेताय, उस्ताद?"

"भट्टीत. परत आलेलं भांडं तांबट फळीवर ठेवत नाही. पितळ चांगलं आहे, कुणाचं तरी पातेलं होईल." तो सहज बोलत होता, पण गोधडीचं टोक त्याच्या बोटांत सापडत नव्हतं.

शापूर मधे पडणार होता. सित्तीनं त्याला हातानं बाजूला केलं, झारी उचलली आणि कोपऱ्यातल्या रांजणातून तिच्यात पाणी भरलं.

"हात पुढे करा," ती नवऱ्याला म्हणाली.

"वेड लागलं का तुला? ही आपल्यासारख्यांच्या..."

"चाळीस वर्षं तुटक्या ओठाच्या मडक्यातनं तुमच्या हातावर पाणी घालतेय. करा हात पुढे. शापूर, तू ते तस्त धर खाली."

शापूर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तस्त धरलं. बुंदारनं थरथरणारे दोन्ही हात पुढे केले, काजळीनं काळे, नखं फुटलेली. सित्तीनं झारी कलती केली. आठ पक्षी पुढे झुकले, आणि पाण्याची एक सरळ, काचेसारखी धार न फुटता, न शिंतोडता त्या हातांवर आली. म्हातारा धारेकडे बघत राहिला. आयुष्यात त्यानं हजार झाऱ्या ठोकल्या होत्या, पण आपल्या हातच्या झारीतून पाणी कसं पडतं ते त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"सित्ती," तो म्हणाला, "चांगलं पडतंय गं पाणी."